चार वाजून दहा मिनिटांचा लोड

मी देवाला हात जोडते ते सवयीने. अंगात येणं, नजर लागणं, कुणीतरी दिसणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून आत जायचे. त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं. अजूनही मी भुताखेताचं काही सांगतेय असं मला वाटत नाही. झालं तसं लिहिते.

पेणला आमचं रंगांचं दुकान आहे. जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांना रंग, ब्रश वगैरे पुरवतो. माझी आई मात्र रोह्याच्या पुढे, कोलाडच्या रस्त्यावरून आत एक गाव आहे, तिथे एकटी राहायची. भाऊ मस्कतला. तिची फुप्फुसं अधू झाली तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. विजेवर चालणारं, जवळजवळ दिवसरात्र नाकाला नळी. "पेणला चल" म्हणून मी खूप मागे लागले... खूप कसलं, दोनदा म्हटलं. तिने नको म्हटल्यावर मला थोडं हलकंच वाटलं, हेही खरं.

तिकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून सोलर बसवायचं ठरलं. रोह्याचा नितीन हे काम करतो. त्याने स्लॅबवर सहा पॅनल लावले, पडवीच्या भिंतीवर इन्व्हर्टर, खाली लिथियमची बॅटरी. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून गॅस काढून इंडक्शन शेगडी आणली. आणि नितीनने माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं. ऊन किती मिळतंय, बॅटरी किती भरली, घरात लोड किती, म्हणजे वीज किती खर्च होतेय, सगळं पेणला बसून दिसायचं. दर पाच मिनिटांनी नवा आकडा.

"ताई, एकच लक्षात ठेवा," नितीन म्हणाला, "शेगडी लय ओढते. ऊन उतरल्यावर लावली तर रातची मशीनची बॅटरी कमी पडेल."

मग मी आईला नियम घालून दिला. जे काय तापवायचं ते तीनच्या आत. चारचा चहा आधीच करून थर्मासात भरून ठेवायचा. आईला थर्मासातला चहा अजिबात आवडायचा नाही.

सुरुवातीला मी दिवसातून दहा वेळा ॲप बघायचे. मशीनची सव्वातीनशे वॅटची सरळ रेघ. फ्रिज चालू झाला की तिच्यावर लहानसा उंचवटा. आणि शेगडी लावली की रेघ एकदम दीड हजारावर उभी राहायची. ती चारनंतर उभी राहिली की मी लगेच फोन लावायचे.

"आई, शेगडी लावलीस ना?"

"व्हय गो. घोटभर च्या ठेवला. तुला कसा कळला?"

"मला इथे दिसतं सगळं. बॅटरी संपली तर काय करशील?"

"बरं बरं, नाय लावायची. जेवलीस का तू? पोरां कशी हायत?"

मी दोन मिनिटं बोलायचे आणि ठेवायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तेवढ्या चहाने बॅटरीला फारसा फरक पडत नाही. मग मी रागवायचं सोडलं, आणि त्याबरोबर फोन करायचंही सोडलं. चारची रेघ वर गेलेली दिसली की मी मनात म्हणायचे, आईचा चहा झाला, आई ठीक आहे. आधी दर रविवारी जायचे, ते महिन्यावर गेलं. पेणहून तासा-दीड तासाचा रस्ता. एकदा आई म्हणाली होती, "तू वायरीतून बघतस, तोंडान इचारत नाय." मी हसले होते.

त्या दिवशी ऑक्टोबरचं कडक ऊन होतं. गणपतीचा हंगाम कधीच संपलेला, दुकानात गिऱ्हाईक नाही. म्हणजे मला कामाचं निमित्तसुद्धा नव्हतं. सकाळी अकराला ॲप बघितलं, दुपारी दोनला बघितलं. सरळ रेघ. म्हटलं, झोपली असेल.

चारनंतर नवऱ्याने विचारलं, "आईंना फोन केलास का आज?"

मी ॲप उघडून त्याच्यापुढे धरलं. चार वाजून दहा मिनिटं. लोड दीड हजाराच्या वर. "हे बघ, चहा ठेवलाय तिने. ठीक आहे ती." दहा-पंधरा मिनिटांनी रेघ खाली आली. मी फोन बाजूला ठेवून ब्रशांचे गठ्ठे मोजायला बसले.

साडेसहाला चंद्राचा फोन आला. चंद्रा वाडीवरची. सकाळ-संध्याकाळ, शेतात काम नसलं की दुपारीही, आईकडे येऊन झाडलोट, स्वयंपाक करून जायची.

"ताय... आजी उठत नाय. मशीन चालू हाय, पण आजी थंड पडल्यात."

आम्ही पोचलो तेव्हा गावातले डॉक्टर येऊन बसले होते. मशीन अजून चालूच होतं. आईच्या नाकात नळी होती आणि हवेचा बारीक आवाज येत होता. दिवसभर मी बघत होते ती सरळ रेघ त्याचीच.

डॉक्टर म्हणाले, "झोपेतच गेल्या. सकाळी दहाच्या सुमारास."

"नाही हो," मी म्हटलं, "चार वाजता तिने चहा केलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अंग पूर्ण ताठलंय, ताई. चारला शक्यच नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. शेगडी पुसलेली. चहाचं पातेलं पालथं, कोरडं. कपबशी फळीवर. पुढच्या दाराला आतून कडी होती आणि मागच्या दाराची किल्ली फक्त चंद्राकडे. चंद्रा आठ वाजता आईला पेज देऊन गेली ती संध्याकाळपर्यंत भातकापणीला होती, दहा बायकांसोबत.

दिवस-कार्य झाल्यावर मी नितीनला बोलावलं. ॲप चुकलं असेल, जुना आकडा दिसला असेल, असं मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याने इन्व्हर्टरच्या स्वतःच्या मेमरीतली नोंद काढली. तिथेही तेच. चार दहा ते चार बावीस, दीड हजाराच्या वर. वायरिंग तपासलं, अर्थिंग तपासलं. घरात गिझर नाही, पंप नाही.

"एवढं ओढणारी एक शेगडीच हाय, ताई," तो म्हणाला. "पण ती आपोआप नाय लागत. बटन दाबायला लागतं, वर भांडं ठेवायला लागतं. मला काय समजत नाय."

चंद्रा दारात बसून ऐकत होती. नितीन गेल्यावर ती जवळ आली.

"ताय, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"आजींना च्या नको असायचा चार वाजता. नुसतं पाणी ठेवायच्या शेगडीवर. म्हणायच्या, बघ चंद्रे, आता माझी बाय फोन करील. अन् फोन पुढ्यात घेऊन बसायच्या."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"आणि... मी फोन करायचं सोडल्यावर?"

"तरी रोज ठेवायच्या. म्हणायच्या, आज कामात असल."

मी फोन काढून ॲपमधले मागचे दिवस एकेक करून बघितले; रोज चारनंतर रेघ वर गेलेली.

नंतर मशीन रोह्याच्या एका गरजू कुटुंबाला दिलं. घर बंद आहे, सोलरही बंद करून ठेवलंय. ॲपवर 'ऑफलाइन' दिसतं. पुन्हा तसं काही झालं नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, सॉफ्टवेअरची गडबड असेल, डोक्यातून काढ. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी चारला फोन केला असता तरी काही उपयोग नव्हता, ती सहा तास आधीच गेली होती. सगळे मला समजवायला बघतात आणि सगळ्यांचं बरोबरच असेल.

इथे वाचणाऱ्यांत इंजिनीअर मंडळी असतील. सकाळी गेलेल्या माणसाच्या बंद घरात दुपारी बारा मिनिटं शेगडीचा लोड कसा येतो, कुणाला माहीत असेल तर सांगा. मला खरंच ऐकायचंय. मी स्वतः कितीदा त्या आकड्यांवरून बोट फिरवलंय, उत्तर मिळालेलं नाही.

त्या दिवशी मी फोन लावला असता तर तिकडून कुणी उचलला असता का, ते मला माहीत नाही. मी लावला नाही, एवढं मात्र माहीत आहे.