नैवेद्यातलं मीठ

सांगलीकडं मावशीच्या रानात उसाला पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं होतं. कित्येक वर्षं तिथं गवतसुद्धा धरत नव्हतं. लांबून वाटायचं, कुणाच्या हातून रांगोळीचं पोतंच सांडलंय. यंदा गेले, तर त्या पांढऱ्या भुईवर गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं उभी होती. खाऱ्या जमिनीत तगणारी, मावशीनं मुद्दाम लावलेली.

इतक्या वर्षांनी रानात काही उगवलं, म्हणून त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आधी बांधावरच्या म्हसोबाला. नैवेद्य चाखून बघायचा नसतो, म्हणून मावशीनं नेहमीसारखं अंदाजानं मीठ टाकलं. देवाला दाखवून आम्ही तिथंच जेवायला बसलो. पहिल्याच घासाला काकांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"खारट झाली व्हय?" मावशी चपापली. "चिमूटभर तर घातलंय की!"

मी शेजारच्या झुडपाचं पान तोडलं. त्यावर चांदीची भुकटी असावी तसं काही चमकत होतं. जिभेला लावलं, तर मीठ! मी बघतच राहिले. आपल्याला डोळ्यांतलं थेंबभर खारं पाणी पेलत नाही. आणि ज्या मिठानं सगळं रान मारलं, तेच मीठ हे झुडूप मुळांनी ओढून पानापानावर उन्हात वाळत घालत होतं.

मावशीनंही पान चाटून पाहिलं. मग म्हसोबाकडं वळून तिनं हात जोडले.

"चुकलं देवा. रानानं मीठ घातलंच होतं, मी आणिक घातलं."