थांबाकाकांची घाई

आमच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर पडायचा तो ‘थांबा’. रिपोर्ट मागायला आलेला शिकाऊ डॉक्टर असो नाही तर बाटली घेऊन धावत आलेली नर्स असो, काका मान वर न करता म्हणायचे, "थांबा." म्हणून त्यांचं नाव थांबाकाका पडलं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते आमच्यापैकी कुणालाच पटकन आठवायचं नाही.

मी त्यांच्या हाताखाली लागले ती चोविसाव्या वर्षी. तोंडाची तेव्हाही फटकळच होते. पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "काका, तुमच्या कारभारात पेशंट बरा होऊन घरी जाईल आणि रिपोर्ट त्याच्या मागून येईल." ते म्हणाले, "बरा होऊन गेला तर चांगलंच की. तू बस, आणि थांब."

आमचं काम सांगायला सोपं. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा, तो काचेवर चिकटवायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा. मऊ तुकडा असला तर दोन दिवसांत काम उरकतं. हाड आलं की मात्र घोडं पेंड खातं. हाडात चुना असतो, त्यावर पातं चालत नाही. आधी ते सौम्य अ‍ॅसिडात ठेवायचं, रोज अ‍ॅसिड बदलायचं, रोज बघायचं. कधी आठ दिवस लागतात, कधी महिना. कडक अ‍ॅसिडात एका दिवसात चुना जातो, पण जे बघायचं असतं तेही त्याच्याबरोबर जातं.

काकांचे नियम दोन होते. हाडाला घाई करायची नाही, हा पहिला. आणि दुसरा म्हणजे, तुकडा केवढाही असो, त्याचे दोन भाग करायचे, एकावर काम करायचं आणि दुसरा टिकून राहावा म्हणून फॉर्मॅलिनमध्ये बाजूला ठेवायचा. वहीत त्यांनी स्वतः पट्टीने आखलेला रकाना होता, ‘राखीव अर्धा’. त्यात रोज ‘आहे’ असं लिहायचं. मी एकदा कंटाळून नुसती बरोबरची खूण केली, तर मला पुसून शब्द लिहायला लावला. असला माणूस.

दरवर्षी नवी मुलं शिकायला आली की काका कोंबडीच्या पायाची दोन हाडं घेऊन उभे राहायचे. एक पंधरा दिवस अ‍ॅसिडात ठेवलेलं, दुसरं भट्टीत जाळलेलं. अ‍ॅसिडातल्या हाडाला ते सगळ्यांसमोर गाठ मारायचे. मुलं आ वासून बघायची. जळलेलं हाड दिसायला होतं तसंच दिसायचं, पण बोटाने दाबलं की भुगा.

"ह्यातला चुना गेला, धागा राहिला," ते गाठ दाखवून म्हणायचे. "त्या धाग्याला म्हणतात कोलॅजन. आणि ह्यातला धागा गेला, चुना राहिला. आता सांगा, माणूस उभा कशावर आहे?"

मग बाळाची गोष्ट. पोटातल्या बाळाचं हाड आधी हाड नसतंच, ती असते कूर्चा, कानाच्या वरच्या कडेसारखी वाकणारी. त्या कूर्चेत कोलॅजनचं जाळं विणलेलं असतं. त्या जाळ्याच्या आधाराने पेशी रांगेत उभ्या राहतात, रांगेपाशी चुना येतो, आणि हाड लांब होत जातं. जाळंच धड विणलं गेलं नाही तर पेशींची रांग लागत नाही, आणि हाड वाढत नाही. धागा तीन पेडांचा असतो हे सांगताना काका हवेत वेणी घालून दाखवायचे. ती वेणी मोठी सफाईदार असायची, कारण सराव होता. लेक चार वर्षांची असताना बायको गेली, तेव्हापासून शाळेच्या आधी लेकीची वेणी तेच घालायचे. "एका पेडात एक ठिकाणी चुकलं ना," ते म्हणायचे, "की तिथून पुढची सगळी सैल पडते."

ही लेक लग्न होऊन त्याच गावात राहायची. कधीमधी दुपारी बापाचा डबा घेऊन यायची आणि काकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यांची नक्कल करायची. "थांबा," ती जाड आवाजात म्हणायची, आणि काका लटके रागवायचे. तिला दिवस गेले तेव्हा काका पहिल्यांदाच आमच्यासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि तो उघडायच्या आधी म्हणाले, "थांबा, आधी हात धुऊन या."

बाळ चाळीस मिनिटं जगलं. मुलगी होती. हात-पाय अगदी आखूड, छाती अरुंद, श्वासाला जागाच नाही. एक्स-रे काढला तर मणक्याच्या जागी हाड जवळपास नव्हतंच.

आमच्या विभागाच्या मॅडमनी लेकीला आणि जावयाला समोर बसवून सांगितलं. हे गर्भातच कूर्चा नीट न घडल्यामुळे झालंय. दोन शक्यता आहेत. एकीत कोलॅजनची चूक त्या एका गर्भातच अचानक होते, पुन्हा होण्याची भीती फार थोडी. दुसरीत दोष आई आणि बाप दोघांकडून नकळत येतो, आणि मग दर खेपेला चारात एक असा धोका. एक्स-रेत दोन्ही सारखेच दिसतात. कूर्चेचा तुकडा काचेवर घेतला तर फरक कळेल. त्या काळी रक्तातून कळायची सोय नव्हती.

लेकीच्या डोक्यात मात्र तिसरंच होतं. तिसऱ्या महिन्यात खोकला झाला होता आणि शेजारणीकडची औषधाची बाटली तिने विचारल्याशिवाय चार दिवस घेतली होती. सासूबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "कशाला घेतलंस ते?" तेवढं पुरलं. मॅडमनी शपथेवर सांगितलं की औषधाचा काही संबंध नाही. ती म्हणाली, डॉक्टर समजूत घालतात. बाबा कधी खोटं बोलत नाहीत, बाबांनी बघून सांगितलं तर मानीन. आणि तिने अन्न सोडलं. हट्टाने नाही, घास उतरतच नव्हता तिला.

नात्यातल्या माणसाचा नमुना स्वतः हाताळायचा नाही, असा रिवाज आहे. मॅडमनी बाळाच्या हाडाच्या तुकड्याची बाटली माझ्याकडे दिली आणि काकांना घरी जायला सांगितलं. काका गेले नाहीत. शनिवारी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "किती दिवस लागतील?"

त्यांचाच धडा मी त्यांना म्हणून दाखवला. "इवलंसं हाड आहे काका, पण आठ दिवस तरी धरा."

"ती आज चौथा दिवस पाण्यावर आहे," ते म्हणाले. मग बाटली उचलली. "तू जा. उद्याही येऊ नकोस. मी बघतो."

मी जायला नको होतं. सत्तावीस वर्षांची होते, तोंड एवढं चालायचं, आणि नेमकं त्या दिवशी मी गप्प बसले. त्याची टोचणी मला अजून आहे.

सोमवारी सकाळी दार उघडलं आणि वासाने ठसका लागला. कडक अ‍ॅसिडाचा वास. काका खिडकीशी बसले होते, अंगावर शनिवारचाच शर्ट. मायक्रोस्कोपखाली काच लावलेली होती. मी डोळा लावला. पेशींची केंद्रकं निळी दिसायला हवीत, त्यांच्याभोवतीचं जाळं दिसायला हवं. काहीच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिकट गुलाबी लगदा.

"दुसऱ्या अर्ध्याचं करू या," मी म्हटलं.

मी वही ओढली. त्या ओळीत, ‘राखीव अर्धा’ या रकान्यात, त्यांच्याच घोटीव अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

मी भडकले. खोटं कशाला सांगू, त्या माणसावर मी ओरडले. "नियम तुमचाच ना? आम्हाला शब्द पुसून लिहायला लावता, आणि स्वतः?" त्यांनी मला एका वाक्यात उत्तर दिलं. ते ऐकून मी वही मिटली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. ते वाक्य मी नंतर एकदाच कुणाला तरी सांगितलं.

त्याच दुपारी काका लेकीकडे गेले आणि सरळ म्हणाले, "माझ्या हातून खराब झालं. आता कळणार नाही." ती उठली, पानावर बसली आणि जेवली. काकांना वाटलं, लेकीने माफ केलं. मलाही तसंच वाटलं.

पण तिने पुढे मूल होऊ दिलं नाही. नवऱ्याने आग्रह केला नाही, भला माणूस. ती वडिलांकडे यायची, डबा द्यायची, प्रकृती विचारायची, पण टेबलाच्या कोपऱ्यावर पुन्हा कधी बसली नाही. नक्कल तर राहोच. काकांनीही ‘थांबा’ म्हणायचं सोडलं. कुणी घाई केली तर हातातलं काम ठेवून त्याचं आधी करून द्यायचे. दोन हाडांचा तो धडा माझ्या गळ्यात पडला. गाठ मला नीट मारता यायची नाही. सहा वर्षांनी ते निवृत्त झाले, आणि मागच्या वर्षी झोपेतच गेले.

दीड महिन्याने लेक लॅबमध्ये आली. केस पांढरे व्हायला लागलेले. हातात जुना रुमाल, त्यात मेणाचा छोटा ठोकळा, बाळाचा तो तुकडा बसवलेला. ठोकळे लॅबबाहेर न्यायची परवानगी नसते, हाही काकांचाच नियम. त्यांनी तो घरी नेला होता आणि तिच्या शाळेतल्या रिबिनी ठेवलेल्या डब्यात ठेवला होता.

"ताई, आता जनुकांची तपासणी होते ना?" तिने विचारलं. "मला आता मूलबाळ व्हायचं नाही. तरी एकदा कळू दे, काय होतं ते."

मला काय निघणार याचा अंदाज होता. पण नाही म्हणवेना. मेणाचे काप काढून पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कडक अ‍ॅसिडामुळे पेशींतलं सगळं नष्ट झालेलं, तपासणीच्या लायकीचं काही उरलेलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या घाईने तुकडा दुसऱ्यांदा मारला. तिला बोलावलं. कागद पुढे ठेवला आणि समजावून सांगितलं.

तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे ते खरंच खराब झालं होतं?"

मला कळेना. "बाबांनी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण बाबांच्या हातून तुकडा खराब होईल? थांबाकाकांच्या? मला वाटलं, त्यांनी काचेत बघितलं. माझं औषध दिसलं त्यांना. आणि मला वाचवायला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. म्हणून मी विचारलंच नाही कधी. त्यांना ते परत बोलायला लागू नये म्हणून."

एकोणीस वर्षं बाप समजत होता की लेकीने आपल्याला माफ केलं पण दूर केलं. एकोणीस वर्षं लेक समजत होती की बापाने आपला गुन्हा पोटात घातला. दोघं दर रविवारी समोरासमोर बसून चहा प्यायली.

मी उठले. जुनी काच मी जपून ठेवली होती, ती लावली आणि तिला खुर्चीत बसवलं. "बघ. आपल्या डोळ्यांनी बघ. ह्यात औषध नाही, गुन्हा नाही, काहीच नाही."

तिने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. डोळा न काढताच विचारलं, "आणि अर्धा? ते तर नेहमी अर्धा बाजूला ठेवायचे. मी लहान असताना घरात वडीसुद्धा अर्धी बाजूला ठेवायचे."

मी वही काढून तिच्यापुढे धरली. ‘नाही’ हा शब्द तिने बोटाने चाचपून पाहिला.

"मी त्यांना ओरडले होते त्यावरून," मी म्हटलं. "ते म्हणाले, ‘सुरी हातात घेतली होती ग, पण एकदा कापून आणलेल्या नातीला मला पुन्हा कापवेना.’"

तिने पुन्हा काचेला डोळा लावला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी दिवा बंद करायला हात पुढे केला, तर तिने न बघताच माझं मनगट धरलं.

"राहू दे जरा," ती म्हणाली. "मी तिला अजून बघितलेलं नाही."