बाइंडरचे हात आणि साहेबांचं पोट

कुत्रा घरात आला त्या दिवशी बाइंडरनं जाहीर केलं होतं, "या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी."

बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं, "मग तुमच्या बॅगेत स्वेटर घालू का? सकाळी गारठा असतो."

त्यानंतर त्या विषयावर चर्चा झाली नाही. कुत्रा मुलीचा होता. तिची नोकरीत दुसऱ्या गावी बदली झाली आणि तिथल्या घरमालकाला कुत्री, मांजरं आणि बहुधा माणसंही चालत नव्हती. म्हणून "थोडे दिवस" असं सांगून ती त्याला आईबापांकडे ठेवून गेली. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहरा असा की समोरच्याचा अर्ज आपण फेटाळणारच आहोत, फक्त शिष्टाचार म्हणून वाचतोय. वाडग्यात काहीही वाढा, तो जवळ येई, वास घेई, वाढणाऱ्याकडे एकदा दुःखानं पाही आणि निघून जाई. पहिल्याच आठवड्यात त्याचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्याला साहेब म्हणू लागले. जे थोडंफार पोटात जाई तेही तिथे टिकत नसे. साहेबांचं पोट म्हणजे नव्या सुनेचा स्वभाव. कशानं बिघडेल सांगता येत नाही, आणि बिघडलं की सगळ्या घराला कळतं.

बाइंडरचं दुकान घराच्याच खालच्या मजल्यावर होतं. एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, कागद कापायचं यंत्र, कागद तोलायचा काटा, आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. चौतीस वर्षांत हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली आणि ती सगळी त्यानं वाचली. फक्त सोळा सोळा पानांच्या अंतरानं. पुस्तक छापून येतं ते सोळा पानांच्या घड्यांमध्ये. त्या घडीला फर्मा म्हणतात, आणि शिवताना प्रत्येक फर्म्याचं वरचं पान तेवढं डोळ्यांखालून जातं. पान एक, सतरा, तेहेतीस. त्यामुळे रहस्यकथांमधला खुनी कोण हे त्याला कधीच कळलं नाही, पण खून कुठल्या खोलीत झाला हे तो छातीठोक सांगे.

या विद्वत्तेचा साहेबांनाही प्रसाद मिळाला होता. वाचनालयातून कुत्र्यांच्या संगोपनावरचं एक फाटकं पुस्तक नव्यानं बांधायला आलं. तेहेतिसाव्या पानाची शेवटची ओळ होती, "नाजूक पोटाच्या कुत्र्याला रोज वाटीभर दूध". बाइंडरनं तीन दिवस इमानेइतबारे दूध पाजलं. चौथ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बायको फरशी पुसत होती, आणि त्या अवधीत कुणाच्या तरी मनात पान उलटून बघायचं आलं. चौतिसाव्या पानावर वाक्य पुढे चालू होतं, "देण्याची चूक अनेकजण करतात."

"पान उलटायला हात दुखत होते का तुमचे?" बायको म्हणाली.

"शिवताना पान उलटत नाहीत," बाइंडर म्हणाला. हे खरंच होतं.

त्याचं दुःख वेगळंच होतं, आणि ते दुःख नव्हतंच म्हणा. सगळ्या जगाला नकार देणारे साहेब एकट्या त्याच्यावर लट्टू होते. दुपारी तो कामातून हात मोकळे करून खुर्चीत बसला, की साहेब यायचे आणि त्याचे हात चाटायला लागायचे. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. असं प्रेम त्याला आयुष्यात कुणी केलं नव्हतं. लोकांसमोर तो म्हणे, "मला नाही हो कुत्र्याबित्र्याचं वेड. त्यालाच माझं आहे, काय करणार." आणि हात आणखी थोडा पुढे करी.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. तिला नवं घर मिळालं होतं, अंगणासकट.

"बाबा, मागच्या वेळी आले तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते. तोवर त्यानं अंग धरलं नाही, तर मी घेऊन जाते त्याला. रागावू नका."

"ने की," बाइंडर म्हणाला, "मला काय त्याचं."

त्या दुपारी त्यानं एका प्रबंधाच्या कडा तिरक्या कापल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. बायकोनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको साहेबांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट दाबलं, दात पाहिले, वजन केलं: चौदा किलो, हवं होतं सतरा. "याला गहू सोसत नसावा. महिनाभर गहू पूर्ण बंद. पाव नाही, बिस्किट नाही. भात, उकडलेली कोंबडी, थोडा लाल भोपळा. आणि तोंडात जाईल ती प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा. प्रत्येक."

"लिहून ठेवा" म्हटल्यावर बाइंडरचे डोळे चमकले. तिथून येऊन त्यानं वही बांधली. जाड कागद, कापडी कणा, कोपऱ्यांना चामडं, खुणेला लाल फीत. आत रकाने आखले: दिवस, पदार्थ, किती, आणि शेवटी "निकाल". निकालाचा रकाना रुंद ठेवला होता, कारण त्यात वर्णन करावं लागे.

"माझी प्रमाणपत्रं वीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत आहेत," बायको म्हणाली, "आणि कुत्र्याच्या शी-ला चामड्याचे कोपरे."

घरातून गहू हद्दपार झाला. बायको चहाबरोबरची बिस्किटं न्हाणीघरात दार लावून खाऊ लागली. एवढं करूनही साहेबांची तऱ्हा तीच. भात आला की वास, दुःख, प्रयाण. मग बायको कोंबडी पुढे करी. तीही नको म्हटली की भोपळा, मग अंडं, मग हातानं भरवणं, मग "बाळा, माझ्यासाठी एक घास". आणि पोट पहिल्यासारखंच ढिलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा डॉक्टरीणबाई. वजन चौदा किलोच. शेवटच्या रविवारला बारा दिवस उरले होते. बाइंडर खुर्चीत बसला होता आणि साहेब सवयीनं त्याचा डावा हात चाटत होते. बाई वही चाळत होत्या.

"बांधणी सुरेख आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. "दर मंगळवारी सकाळी पोट छान असतं. सोमवारी काय वेगळं असतं?"

"काही नाही. सोमवारी दुकान बंद असतं."

"दुकानात काय खातो हा?"

"दुकानात? तिथं खाण्यासारखं काहीच नसतं. कागद, पुठ्ठा, दोरा."

साहेब आता अंगठ्यावर आले होते. बाईंनी चष्मा वर केला. "हाताला काय लागलंय तुमच्या?"

"काही नाही. खळ आहे."

"कसली?"

"मैद्याची," बाइंडर म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला.

खोलीत फक्त चाटण्याचा आवाज येत राहिला.

बायकोनं पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे गदागदा हलत होते. डॉक्टरीणबाईंना बहुधा असं हसायची परवानगी नसावी, म्हणून त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. "हे वहीत लिहिलं नाहीत तुम्ही."

"खळ हे खाणं नाही, बाई," बाइंडर म्हणाला. "सामान आहे."

तो खोटं बोलत नव्हता. मैदा गव्हाचा असतो हे त्याला ठाऊक होतं, खळ मैद्याची असते हेही ठाऊक होतं. फक्त हे दोन फर्मे कधी एकत्र शिवले गेले नव्हते. त्यातून गंमत अशी, की किडे पुस्तकांना लागू नयेत म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, आणि ते विष. साहेब घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं मोरचुदाची पुडी दुकानातून काढून टाकली होती. कुत्र्याला अपाय नको म्हणून. तेव्हापासून त्याची खळ म्हणजे निव्वळ मैद्याची पेज झाली होती, रोज सकाळी ताजी शिजवलेली, आणि ती तो दहा बोटांवर वाढून देत होता. साहेबांना भूक कशी लागणार? त्यांचं जेवण होऊनच ते घरी यायचे.

"तांदळाची खळ करता येते का?" बाईंनी विचारलं.

"येते. त्रास असतो."

"करा. आणि दुकानातून उठताना हात साबणानं धुवा. दुसरं, वाडगा पंधरा मिनिटं ठेवायचा. खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उचलायचा. त्यानं नाही म्हटलं की तुम्ही नवा पदार्थ आणता, हे त्याला पाठ झालंय. एखादा दिवस नाटक करील. दिवसभर काहीच नाही घेतलं, तर मला फोन करा."

परतताना अर्धा रस्ता बायको हसू दाबत चालली. मग म्हणाली, "त्यालाच माझं वेड आहे म्हणे."

बाइंडर झपझप पुढे चालू लागला. त्या संध्याकाळी त्यानं हात दोनदा धुतले, खुर्चीत बसला आणि हात पुढे केला. साहेब आले. हुंगलं. अर्जाला कागदपत्रं जोडलेली नाहीत हे ध्यानात आल्यावर एखादा अधिकारी जसा बघतो तसं बघितलं, आणि पाठ फिरवून निघून गेले.

माणसाचं वय एकसष्ट असलं तरी अशा गोष्टी लागतात.

तांदळाच्या खळीची पहिली खेप गुठळ्यांची झाली, दुसरी पाण्यासारखी. त्या खळीनं चिकटवलेला एक प्रबंध गिऱ्हाइकाच्या हातात देताच पुठ्ठ्यातून सुटला, आणि होऊ घातलेल्या त्या डॉक्टरच्या हातात नुसतंच कव्हर राहिलं. तिसऱ्या खेपेला तांदूळ बारीक दळून, मंद आचेवर, एकाच दिशेनं ढवळून जमली. मैद्याच्या खळीपेक्षा पांढरी आणि गुळगुळीत. बाइंडर स्वतःशीच म्हणाला की हे आधीच करायला हवं होतं, आणि हे कुणाला सांगायचं नाही.

वाडग्याचं प्रकरण मात्र अवघड होतं. पहिल्या सकाळी भात-कोंबडी समोर ठेवली. वास, दुःख, प्रयाण. पंधरा मिनिटांनी बाइंडरनं वाडगा उचलला. साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले आणि दुसऱ्या पदार्थाची वाट पाहू लागले. दुसरा पदार्थ आला नाही. बायकोचा जीव खालीवर.

"अहो, नुसतं अंडं देते. एकच."

"नाही."

"तुम्हाला काळीज आहे की पुठ्ठा?"

"अगं, पुस्तक दाबात घातलं की मधे उघडून बघायचं नसतं," तो म्हणाला. "चिकटलं का, चिकटलं का, म्हणून बघायला गेलं की तिथेच सुटतं. शिकायला मला दोन वर्षं लागली. सगळ्यात अवघड काम तेच आहे. काही न करणं."

संध्याकाळी सहाला पुन्हा तोच भात, तीच कोंबडी. नवराबायको वाडग्याकडे पाठ करून बसले. बायको वर्तमानपत्र वाचत होती. ते उलटं होतं हे बाइंडरला दिसत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. घड्याळात तेरा मिनिटं झाली. मग मागून आवाज आला, वाडगा फरशीवर सरकल्याचा. कुणी मान वळवली नाही. वाडगा सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला आणि चाटण्याचा खरखर आवाज सुरू झाला, तेव्हा बायकोनं नवऱ्याचा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. ते त्यानं वहीत लिहिलं नाही.

शेवटच्या रविवारी मुलगी आली. हातात नवा पट्टा होता, म्हणजे ती ठरवूनच आली होती. साहेबांनी तिच्याभोवती पाच फेऱ्या मारल्या, घरभर धावले, एक स्टूल पाडलं. ती खाली बसून त्यांच्या बरगड्या चाचपत होती आणि त्या सहज सापडत नव्हत्या.

"वजन?" तिनं विचारलं.

तिघंही साहेबांना घेऊन दुकानात उतरले. कागदाच्या काट्यावर साहेबांना उभं केलं. ते एरवी अशा गोष्टींना तयार नसत, पण आज प्रतिष्ठेचा प्रश्न आहे हे त्यांना उमगलं असावं. पंधरा किलो दोनशे.

"बारा दिवसांत?" मुलगी म्हणाली.

"वही बघ," बाइंडर म्हणाला आणि काट्यावरची नसलेली धूळ पुसू लागला.

मुलीनं लाल फितीपाशी वही उघडली. पदार्थ एकच, निकाल एकाहून एक सरस, एका ठिकाणी तर निकालात नुसतं "वा!" लिहिलं होतं. पण बारा दिवसांपूर्वीपासून निकालाच्या शेजारी आणखी एक अरुंद रकाना आखलेला होता. वर शीर्षक होतं: "हात".

"हा कसला कॉलम, बाबा?"

"तपासणी असते."

ती मोठ्यानं वाचू लागली. "मंगळवार. हात दोनदा धुतलेला. हुंगला, चाटला नाही. बुधवार. हात धुतलेला. चाटला नाही. गुरुवार. हात धुतलेला. चाटला नाही. शुक्रवार. दोनदा धुतलेला. हुंगला, चाटला नाही. शनिवार..." हळूहळू तिचा आवाज उतरला. बायको पाठमोरी होऊन दोऱ्याच्या रिळांची उगाच मांडामांड करू लागली. हा रकाना तिनंही पाहिला नव्हता.

अकरा दिवस तेच होतं. बारावी नोंद कालची, शनिवारची.

"हात धुतलेला. चाटला. डावा. एकदा."

मुलीनं वर पाहिलं. "हाताला कोंबडी नव्हती ना लागली?"

"साबणानं धुतला होता," बाइंडर तुटक आवाजात म्हणाला. "आधी वास घेऊन बघितला. मी."

मुलगी वही मिटून काही वेळ तिच्या चामडी कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग नव्या पट्ट्याची घडी करून तिनं तो टेबलावर, खळीच्या ब्रशांशेजारी ठेवला. "हा इथंच राहू दे. त्याला इथं लागेल, फिरायला नेताना. मी येईन महिन्यातून एकदा, इथं अंगण नसलं तरी चालेल मला."

"तुझा कुत्रा आहे," बाइंडर म्हणाला. "तुझी मर्जी."

"बाबा, तुमचा चेहरा बघा आरशात एकदा."

"मला काय झालंय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "पुठ्ठ्याला पाणी सुटलंय." आणि आनंदाच्या भरात, सगळं विसरून, तिनं पदराआडचा बिस्किटाचा पुडा काढून साहेबांपुढे एक धरलं.

"गहू!" बापलेक एकदम ओरडले.

साहेबांनी बिस्किटाचा वास घेतला, देणारीकडे एकवार दुःखानं पाहिलं आणि निघून गेले. जिन्याच्या पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. सव्वासहा वाजले होते आणि वाडगा अजून खाली ठेवलेला नव्हता.