जावईबापूंचं यंत्र

मुखेडच्या त्या गल्लीत बाळंतपण करावं तर तुळजाबाईनंच, असं बायका म्हणायच्या आणि तुळजाबाईला ते पटायचं. स्वतःची स्तुती कुणाला खोटी वाटते? बाळंतिणीला तेल चोळून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून बाजेवर घेतलं, की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची, वरून ओवा टाकायचा, खिडकीला गोणपाट आणि दाराच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. सासूनं तिचं असंच केलं होतं आणि तिनं भावकीतल्या सगळ्या सुनांचं.

मग पोटची सृष्टी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली. जावई शिवशंकर नांदेडला कॉलेजात शिकवायचा. लेकीला बघायला आला आणि बाजेखालची शेगडी बघून चपापला.

"मामी, निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. शेगडी नको."

"बरं, जावईबापू," तुळजाबाई पदर सावरत म्हणाली.

जावयाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. हो म्हणून आपलंच करायची आहे. शिवशंकरला हे ठाऊक असावं, कारण पुढच्या खेपेला त्यानं तो वायू ओळखणारं तळहाताएवढं एक पांढरं यंत्र आणलं आणि बाजेजवळच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकून लावलं. हे बोंबललं की दार-खिडक्या उघडायच्या आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं, एवढं सांगून तो एसटीनं परत गेला.

त्याच सांजेला शेक सुरू झाला आणि थोड्या वेळात यंत्रानं असं काही बोंबलायला सुरुवात केली, की बाळ दचकून रडायला लागलं. तुळजाबाईचा नवरा शेषेराव अंगणातून धावत आला. खोलीत धूर नव्हता, निखारे लालबुंद फुललेले होते.

"धूर न्हाई, वास न्हाई, मंग कशाला बोंबलून राहिलंय हे?" त्यानं विचारलं.

"माय, त्यांनी सांगितलंय ना, बाहेर जायचं..." सृष्टी म्हणाली.

"त्यांनी किती बाळंतपणं काढलीत गं? गप पड."

तुळजाबाईनं यंत्रातले सेल काढले. यंत्र फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. फेकलं नाही; जावयाची वस्तू. तो यायचा असला की सेल घालून परत खिळ्याला टांगायची, शेगडी मागच्या दारी न्यायची. तो गेला की यंत्र पेटीत आणि शेगडी बाजेखाली. भिंतीवर यंत्र बघून शिवशंकर खूश व्हायचा. म्हाताऱ्यांना गोड बोलून पटवता येतं, असं त्या शहाण्याला वाटायचं.

एका सांजेला सृष्टी म्हणाली, "माय, डोकं लई दुखून राहिलंय. मळमळतंय."

"वारं लागलं असंल," तुळजाबाई म्हणाली आणि खिडकीचं गोणपाट आणखी घट्ट खोचलं. बाळ किरकिर करत होतं, त्याला घेऊन ती बाहेर ओसरीवर निजली. लेकीला नीट झोप लागावी म्हणून.

सकाळी दार उघडलं तेव्हा सृष्टी गार झाली होती. डॉक्टरनं शेगडीकडे बोट दाखवलं आणि जावयानं सांगितलेलंच पुन्हा सांगितलं.

शिवशंकर निघाल्याचा फोन आला. मग तुळजाबाईनं काय करावं? लेकीचा देह खोलीत असताना तिनं पेटी उघडली, सेल घातले आणि यंत्र खिळ्याला टांगलं. जावई यायचा म्हटलं की हात आपोआप तिकडेच जायचे.

त्यानं भिंतीकडे बघितलं. "मामी, हे वाजलं नाही?"

"न्हाई वाजलं."

शेषेराव खाली मान घालून बसला होता. शिवशंकरनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "मी स्वस्तातलं घेतलं. मीच मारलं तिला."

लेकरू नांदेडला गेलं, शिवशंकरच्या आईनं सांभाळलं. देविका नाव ठेवलं. शिवशंकर दर दिवाळीला तिला मुखेडला आणायचा आणि निघताना न चुकता म्हणायचा, "मामी, चूक माझी होती." तुळजाबाई नातीच्या हातावर लाडू ठेवायची. नात यायची म्हणून ती वर्ष काढायची, नाहीतर तिला जगण्यात काही राम उरला नव्हता.

देविका बालवाडीत जायला लागली त्या हिवाळ्यात फोनवर शिवशंकर सहज म्हणाला, "न्हाणीत गॅसचा गिझर बसवलाय. आमची देविकाबाई दार लावून तासभर पाण्यात खेळते. खिडकीसुद्धा उघडू देत नाही, थंडी वाजते म्हणे."

बंद खोली, आत जाळ; तुळजाबाईला बाजेखालची शेगडीच दिसली. "तिथं ते यंत्र लावलं का, जावईबापू?"

"त्याच्यावर माझा विश्वास नाही, मामी. तुमच्याकडं कुठं वाजलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतून फडक्यातलं यंत्र काढलं, नवे सेल घातले. शेषेराव दारात आडवा आला. "सांगशील तर पोरगी परत दिसायची न्हाई."

"हाव. ठाऊक हाय मला."

नांदेडला शिवशंकरच्या दारात, आत न जाता, उभ्यानंच तिनं सगळं सांगून टाकलं. त्यानं यंत्र हातात घेऊन चाचणीचं बटण दाबलं. ते बोंबललं. त्यानं बोट काढलं नाही.

"असंच वाजलं होतं?"

"असंच. पहिल्याच सांजेला."

तो ओरडला नाही. ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला बरं वाटलं असतं. आवाज ऐकून देविका धावत आली, "आज्जी!" म्हणाली. शिवशंकरनं तिला उचललं, आत गेला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकली.

तुळजाबाई पायरीवर उभी राहिली. परतीची एसटी गाठायची होती, पण पाय निघेना. मग आतून, न्हाणीच्या बाजूनं, भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा यंत्र बोंबललं आणि थांबलं.

तिनं फाटक हळू लावलं आणि स्टँडकडे चालू लागली.