ओळखीचं हॉस्पिटल

'ओळख' या शब्दाचा मला राग येतो. अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून नोकरी केली तर कुणालाही येईल.

ऊसतोडीच्या हंगामातली दुपार होती. वारणानगरकडच्या एका छोट्या दवाखान्यातून दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या एकाला मी कोल्हापूरला आणत होते. उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय गुडघ्याशी चिरडला होता. रक्त थांबवायला मांडीला पट्टा आवळला होता आणि आवळल्याची वेळ त्याच्या कपाळावर पेनानं लिहिली होती. पट्टा जितका वेळ राहील तितका पाय मरत जाणार, आणि सोडला तर माणूस जाणार. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्या जोडणारे सर्जन तयारीत थांबले होते. मी स्वतः फोन केला होता.

शहर आलं, तसा पुढं बसलेला त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "गाडी डावीकडं घ्या. तितल्या हॉस्पिटलात आमचं मेव्हणं हाईत."

"तिथं हे ऑपरेशन होत नाही!" मी मागून ओरडले.

"आवो मॅडम, वळख हाय की! वळखीबिगर कोण हात लावतंय?"

समजावून घसा बसला. पुढं हॉर्न वाजवत वाट मोकळी करणाऱ्या गावकऱ्यांच्या मोटरसायकली डावीकडं वळल्यासुद्धा. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. भांडत बसले तर आणखी वेळ जाईल, म्हणून मी "घ्या" म्हणाले. कशाला म्हणाले!

मेव्हणे वॉर्डबॉय निघाले. धावत आले, स्ट्रेचर आणलं, मला चहासुद्धा विचारला. सगळं केलं बिचाऱ्यांनी. फक्त सर्जन नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी कपाळावरची वेळ वाचली आणि आम्हाला पुढं पाठवलं. पुन्हा तीच गर्दी, तेच सिग्नल. पेशंट शुद्धीवर होता. "मॅडम, बोटं का हलंनात?" असं तो विचारत राहिला. मी मांडीचा पट्टाच बघत राहिले.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी पाय चाचपला आणि घड्याळाकडं बघितलं. पाय मांडीतून काढावा लागला.

आठवड्यानं दुसरा पेशंट घेऊन तिथं गेले, तर तो भाऊ भेटला. हाताला धरून मला कॉटपाशी घेऊन गेला.

"ह्या मॅडमनी आमचं ऐकलं, म्हणून तू हाईस बघ," तो धाकट्याला म्हणाला.

धाकट्यानं हात जोडले. चादर एका बाजूला सपाट होती. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"जेवण जातंय का?" एवढंच विचारलं.