मांडीवरची पेटी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, शाळा चौथीपर्यंतच झाली. चुका होतील, माफी असावी.

काल सेनगावच्या जीपमध्ये जोरात ब्रेक लागला आणि माझा हात आपोआप शेजारच्या बाईच्या लेकरापुढं गेला. टायर घासल्याचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची ती दुपार समोर उभी राहिली.

तेव्हाही अशाच भरलेल्या जीपमध्ये माझ्या एका मांडीवर माझी तीन वर्षांची लेक सुमन होती. दुसऱ्या मांडीवर बांगड्या विकणाऱ्या फातिमाचाचीची पेटी होती. चाची मागं कशीबशी टेकली होती. "नीट धर गं, सगळी काच हाय," ती म्हणाली.

सेनगावच्या वाटेवरचं गोरेगाव सोडलं आणि म्हैस आडवी आली. जीप जागेवर थांबली, पण आतलं कुणीच थांबलं नाही. सगळे पुढं फेकले गेले. माझे दोन्ही हात पेटीवर आवळले गेले आणि सुमन पुढच्या लोखंडी दांड्यावर आदळली.

एकही बांगडी फुटली नाही. सुमनच्या कपाळातून रक्त येत होतं.

"येडी हायस का? काच गेली तर दुसरी येती. लेकरू काहून सोडलं?" चाची ओरडली आणि तिनंच पदरानं जखम दाबली.

तेव्हा वाटलं, धक्काच तसा होता. आता वाटतं, हात तर माझेच होते. सुमनला मी अजून खरं सांगितलेलं नाही. कपाळावरच्या खुणेचं विचारलं की उंबऱ्यावर पडलीस, एवढंच सांगते.

दवाखान्याचे पैसे चाचीनं भरले होते. निंदणीला जाऊन मी ते थोडे थोडे फेडले. शेवटची नोट कनवटीला लावत चाची म्हणाली, "बराबर झालं बेटी. आता तुझ्याकडं काई बाकी न्हाई."