कूलरचा वारा

एप्रिलात जळगावात कोणालाही काहीही झालं की निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. त्या दिवशी मला या दोन शब्दांची भीती वाटली.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. धुळ्याहून परीक्षक आलेले. पाहुणा घामाघूम बसलाय हे विभागप्रमुखांना बघवेना. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी कूलर लावलासुद्धा, तोही फ्यूम हूडच्या, म्हणजे विषारी धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाच्या, समोर. हूडमध्ये एका मुलीचा तांब्याचा तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये फसफसत होता. हूडचा पंखा बिचारा धूर वर ओढत होता, पण कूलरच्या झोतापुढे त्याची काय बिशाद! तपकिरी धूर काचेखालून बाहेर आला तो थेट तिच्या तोंडावर.

मी कूलर बंद केला, सगळ्यांना व्हरांड्यात काढलं. मुलगी थोडी खोकली, तोंड धुऊन आली आणि हसली. "काही नाही मॅडम, बरी आहे मी."

हा धूर लबाड असतो. आधी माणसाला सोडून देतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं.

"ऊन लागलं असेल," विभागप्रमुख म्हणाले. मी त्यांना काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही, तरी धुराचं ऐकून त्यांनी तिला ठेवून घेतलं.

तोवर असोद्याहून तिची आई आली. पोरगी मजेत गप्पा मारतेय हे बघून भडकलीच. "धडधाकट पोरीले खाटेवर कायले झोपवलं? मी घरी नेते. पन्हं पाजते, पायाले कांदा चोयते."

"ताई, आज नका नेऊ," म्हणत मी दारात आडवी उभी राहिले. नर्स हसत होती. आपण राईचा पर्वत तर करत नाही ना, असं मलाही वाटायला लागलं. तरी हलले नाही.

दिवेलागणीला मुलीचं बोलणं मध्येच तुटायला लागलं. मग ओठ निळसर झाले. धावपळ उडाली, ऑक्सिजन लागला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

पोरगी वाचली. घरी सोडलं त्या दिवशी आईनं मला बाजूला घेतलं.

"मी इले त्या दिशी घरी नेली असती तं?"

उत्तर मला ठाऊक होतं. "चला, रिक्षा थांबलीये," मी म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली.